वस्तीतल्या पोराचं नाव शाळेत लावायचं कसं आणि त्याला वाचायला शिकवायचं कसं : नागपूरवाल्यांसाठी

दोन कामं आहेत आणि दोन्ही सोबतच करावी लागतात. जे पोट्टं शाळेत जात नाही त्याचं नाव पटावर लावणं हे एक, आणि ते खरंच वाचायला लागलं की नाही हे पाहणं हे दुसरं. आपल्याकडे बरेच ग्रुप यातलं एकच काम करतात. काही जण जूनमध्ये प्रवेश करून देतात, दप्तर देतात, फोटो काढतात आणि दिवाळीपर्यंत ते पोरगं परत भंगार वेचताना नाहीतर घरी लहान भाऊ सांभाळताना दिसते. काही जण रविवारी येऊन गाणी-गोष्टी घेतात, पण पोराचं नाव कुठल्याच शाळेत नसते. मी म्हणते दोन्ही धरा, कारण कायदा असा आहे की दहा वर्षांचं पोरगं कधीच शाळेत गेलं नसलं तरी त्याला वयाप्रमाणे थेट चौथी-पाचवीत बसवायचं असते, आणि ते बरोबरच आहे, दहा वर्षांच्या मुलाला पहिलीतल्या लेकरांत बसवलं तर ते लाजेनंच पळून जाईल. पण त्याला अक्षर येत नसेल तर पाचवीच्या वर्गात ते किती दिवस टिकणार? म्हणून प्रवेश आणि वाचन सोबत.

आधी शाळाबाह्य पोरं शोधायची कशी ते सांगते. घरोघर जाऊन "तुमचा मुलगा शाळेत जातो का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, कोण नाही म्हणणार. त्याऐवजी पोरालाच विचारा, काल शाळेत काय जेवायला होतं? सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळते, त्यामुळे जाणारं पोरगं लगेच सांगते, खिचडी होती, मटकीची उसळ होती. नाहीतर विचारा तुमच्या बाईंचं नाव काय, तुझ्या बाजूला कोण बसते. ज्याचं नाव पटावर आहे पण पाय शाळेत पडत नाही ते इथं लगेच कळते, आणि अशी पोरं नाव नसलेल्यांपेक्षा जास्त सापडतात हो. दुसरी गोष्ट म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकरा-बाराला फिरा. कळमना मार्केट, कॉटन मार्केट, गणेशपेठ बसस्टँड, उड्डाणपुलांच्या खालची जागा, जिथं बिल्डिंगचं काम चालू आहे तिथले पत्र्याचे शेड. शाळेच्या वेळेत जे मूल तिथं दिसते त्याच्याशी बसून बोला, नाव-वय आणि कुठं राहते ते वहीत लिहा. फोटो काढू नका, आईबापाला न विचारता तर अजिबातच नाही.

आईबापाशी बोलताना पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. बहुतेक घरी अडचण काय असते तर आई धुणीभांड्याला जाते, बाप हमालीला नाहीतर मिस्त्रीच्या हाताखाली, आणि मोठ्या पोरीवर लहान भावंडं असतात. ती पोरगी शाळेत गेली तर लेकराला कोण पाहणार? इथं अंगणवाडी कामाची आहे, ३ ते ६ वर्षांचं भावंड तिथं गेलं की मोठीचा अर्धा दिवस मोकळा होते. त्याहून लहान असेल तर शेजारच्या एखाद्या आजीशी बोलून पाहा. मी असं बघितलं की नुसतं "ताई, पोरीला शाळेत टाका" म्हणण्यापेक्षा आधी लहान लेकराची सोय लावून दिली की मग आई स्वतःच विचारते शाळा किती वाजताची आहे.

आता प्रवेश. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षण, आणि पहिली ते पाचवीची शाळा साधारण १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला पाहिजे. यातल्या काही गोष्टी तोंडपाठच करून ठेवा, कारण ऑफिसात उभं राहून कागद शोधायला वेळ नसतो.

जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ आहे. दाखल्याऐवजी दवाखान्यातली किंवा एएनएमच्या म्हणजे सरकारी नर्सबाईच्या रजिस्टरमधली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, आणि यातलं काहीच नसेल तर आईबापानं वय लिहून दिलेला कागद चालतो. आधीच्या शाळेचा दाखला म्हणजे टीसी यायला उशीर होत असेल तरी सरकारी, मनपाच्या नाहीतर अनुदानित शाळेला प्रवेश थांबवता येत नाही. वर्ष अर्धं झालं, आता पुढच्या जूनला या, असंही म्हणता येत नाही, कलम १५ नुसार मूल उशिरा आलं तरी घ्यावंच लागते. आधारकार्ड नसेल तर काही लोक घाबरून जातात, पण सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलं की शाळेतल्या प्रवेशासाठी आधारची सक्ती नाही. आधार, जन्मदाखला हे सगळं नंतर काढायचंच आहे, त्याचा पुढे उपयोग आहे, मनपाच्या दहा झोनपैकी तुमचं झोन ऑफिस कुठलं ते बघून त्या कामालाही लागा, पण प्रवेश त्याच्यासाठी अडवून ठेवायचा नाही.

शाळेत जाताना आईला किंवा बापाला सोबत घेऊनच जा, आपण एकटे गेलो तर काम होत नाही आणि व्हायलाही नको. साध्या कागदावर अर्ज लिहा, मुलाचं नाव, वय, पत्ता, आधी कुठं शिकलं असेल तर ते, आणि "वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळावं" हे शब्द लिहायचेच, कारण कलम ४ मध्ये ही दोन्ही आहेत. विशेष प्रशिक्षण म्हणजे मागं राहिलेल्या मुलाला वर्गाच्या बरोबरीला आणायची शिकवणी. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक शाळेत द्या आणि दुसरीवर तारीख टाकून सही-शिक्का घ्या. ही पोच हातात असली की पुढचं अर्धं भांडण होतच नाही. तरीही नाही म्हटलं तर शहरात मनपाच्या शिक्षण विभागात शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि हिंगणा, कामठी, कुही, उमरेड अशा तालुक्यात असाल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. एक सांगते, मुख्याध्यापकांशी चिडून बोलायचं नाही. मनपाच्या आणि झेडपीच्या बहुतेक शाळांना पट वाढायलाच पाहिजे असतो, आणि त्या बाईंच्या डोक्यावर निवडणुकीची कामं, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं असं इतकं असते की तुम्ही मदत करायला आला हे कळलं तर त्या स्वतः रस्ता काढून देतात.

विटाभट्टी, खाण आणि बिल्डिंगच्या कामावरच्या लोकांचं वेगळं बघा. कोणी छत्तीसगडहून येते, कोणी बालाघाट-सिवनीकडून, दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या आधी परत जातात. पूर्व विदर्भातले लोक तिकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि लेकरं सोबत नेतात, म्हणजे आपल्या इथल्या पटावरचं मूल महिनोन्महिने गायब. आपल्या राज्यात बाहेर जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते शाळेनं भरून द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत दाखवून बसता येते. निघायच्या आधी ते मागून घ्या. गावात आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, मग मूल गावातच राहून शिकू शकते. आणि भट्टीवर आलेल्या मुलांसाठी मुकादमाशी बोला, जवळची शाळा किती लांब आहे आणि रस्ता ओलांडायला कोण सोबत जाणार हे ठरलं नाही तर नुसतं नाव लावून काही होत नाही.

इंग्लिश मीडियमच्या खाजगी शाळेत याच कायद्यानं राखीव असलेल्या २५ टक्के जागांबद्दल सगळेच विचारतात, म्हणून थोडक्यात. तो फॉर्म ऑनलाइन आणि फुकट असतो, नंबर सोडतीनं लागतो, वंचित गटातल्या आणि वर्षाला १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. २०२४ मध्ये नियम बदलून बऱ्याच खाजगी शाळा यातून बाहेर काढल्या होत्या, तो बदल हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. कोणी "नंबर लावून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. पण सोडतीत नंबर नाही लागला म्हणून वर्षभर पोराला घरी बसवणं हा सगळ्यात मोठा तोटा आहे, मनपाच्या शाळेत नाव लावून मोकळे व्हा.

आता वाचन. खरं काम इथं आहे आणि यासाठी बीएड-डीएड लागत नाही. बारावी झालेली वस्तीतली पोरगी हे सगळ्यात चांगलं करू शकते. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या प्रथम संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यात अशाच वस्तीतल्या मुलींना बालसखी म्हणून लावलं होतं, मागं पडलेल्या मुलांना त्या वेगळं बसवून शिकवायच्या आणि मुलं खरंच पुढे गेली, त्याचा नीट अभ्यास झाला आणि तो करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्यातला मुद्दा एकच, पोराचा वर्ग बघू नका, त्याला काय येते ते बघा आणि तिथून सुरू करा. हे पटत नसेल तर मुलांना किती वाचता येते हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या असर सर्व्हेच्या २०२४ च्या अहवालात बघा, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली जवळपास निम्मीच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. पाचवीच्या पुस्तकातून या मुलांना पाचवी शिकवत राहिलं तर ती रोज थोडी थोडी अजून मागं जातात.

म्हणून पहिल्या दिवशी टेस्ट घ्या, पण तिला टेस्ट म्हणू नका. चार कागद मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एकावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर साधे दोन-तीन अक्षरी शब्द, तिसऱ्यावर चार सोपी वाक्यं, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. मुलाला एकटं बाजूला बसवा, आई आणि भावंडं डोक्यावर उभी नकोत, आणि सुरुवात चार वाक्यांपासून करा. जमलं तर गोष्ट द्या, नाही जमलं तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. अक्षरं पाच वाचायला सांगा, चार बरोबर आली तर अक्षरं येतात असं धरा, शब्दांचंही तसंच. अडकलं तर ओरडू नका, सांगूही नका, फक्त थांबा. दोन-तीन मिनिटात कळते कोण कुठं आहे. मग अक्षरवाले, शब्दवाले, वाक्यवाले असे गट करा. आठवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एका गटात आले तर येऊ द्या, मोठ्याला फक्त फळ्यावर लिहायचं, कागद वाटायचं काम द्या म्हणजे त्याला कमीपणा वाटत नाही.

जागा समाजमंदिर, बुद्धविहार, देवळाचा ओटा, संध्याकाळी रिकामी असलेली अंगणवाडी, कुठंही चालते. आपल्याकडे बऱ्याच विहारांत अभ्यासिका आहेत, तिथल्या मंडळाशी बोललं तर ते आनंदानं तासभर देतात, सतरंजी पण देतात. वेळ रोज एक तास आणि आठवड्यातून पाच दिवस तरी, फक्त रविवारी घेऊन अक्षर टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये आपलं ऊन ४५ च्या वर जाते तेव्हा सकाळी ७ ला नाहीतर सूर्य गेल्यावर, मधली वेळ नकोच. कडेवर भाऊ घेऊन आलेल्या पोरीला परत पाठवू नका, भावाला खडू आणि फरशी द्या. आणि दोन मोठी माणसं कायम हजर असायला पाहिजे, दार उघडं.

तासात काय करायचं? आधी सगळ्यांना एकत्र बसवून एक गोष्ट वाचून दाखवा, शब्दाखाली बोट फिरवत, आवाज बदलत, आणि मधे थांबून विचारा आता काय होईल. ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथल्या मुलानं कोणाला पानावरून गोष्ट काढताना बघितलेलंच नसते, त्याला पुस्तक म्हणजे फक्त खाली मान घालून उतरवायची गोष्ट वाटते. ही दहा मिनिटं कधीच सोडायची नाहीत.

अक्षरवाल्या गटाला क ते ज्ञ घोकायला लावू नका. घोकून पोरगं गाडी सोडल्यासारखं सगळं म्हणते आणि मधलं "ध" वेगळं दाखवलं की गप्प. चार-पाच अक्षरं घ्या, ज्यातून लगेच शब्द होतात. क, म, र, न आणि काना, एवढ्यातून बघा किती निघतात : काका, मामा, नाना, कान, नाक, मान, मका, काम, रान, राम, कमान, कर, नको म्हणायचं तर तेवढी ओ ची मात्रा अजून. पोराला पहिल्याच आठवड्यात शब्द वाचता आला की ते स्वतःहून दुसऱ्या दिवशी येते. मग प, ल, स, त आणि इकार-उकार घ्या, असं वाढवत चला. बाराखडीचा मोठा तक्ता भिंतीवर लावा आणि रोज आडवा, उभा, मधूनच असा वाचा, "की कुठं आहे, पळत जाऊन हात लाव" असा खेळ केला तर पोरं दंगा करत शिकतात. जोडाक्षरं शेवटी, त्यातही आधी रोजची, च्या, त्या, स्त, ष्ट.

शब्दवाल्या गटासाठी चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर "उठ आणि दार लाव", दुसरीवर "ताईला पाणी दे". वाचलं की तसं करायचं, यात वाचून समजलं की नाही ते आपोआप दिसते. मग शब्दजाळं. मधे "तान्हा पोळा" लिहा आणि पोरांना सुचेल ते भोवती लिहू द्या, लाकडी बैल, बोजारा, तोरण, मिरवणूक. जे सुचलं त्यातलं एक-एक वाक्य करून वहीत लिहायचं. फळ्यावरून उतरवणं म्हणजे लिहिणं नाही हे मी ठामपणे सांगते, सुंदर अक्षरात पानभर उतरवलेली आणि एक ओळ वाचता न येणारी मुलं प्रत्येक वस्तीत आहेत. मोडकंतोडकं का होईना, स्वतःच्या मनातलं वाक्य लिहिलं पाहिजे, आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आत्ता दुरुस्त करत बसू नका, नाहीतर पोरगं लिहायचंच थांबते.

आपल्या भागाची एक खास गोष्ट, जी बाहेरून आलेल्या शिकवणाऱ्यांना कळत नाही. आपलं पोरगं "डोळे" हा शब्द बघते आणि "डोये" वाचते, "पाणी"चं "पानी" करते. ते चुकत नाही, अक्षर बघून अर्थ कळला आणि घरी बोलतात तसं बोललं, म्हणजे ते वाचूनच राहिलं. तिथं टोकलं की त्याला वाटते आपली भाषाच खराब. चालू द्या, ळ आणि ण ऐकून ऐकून येतात. ज्यांच्या घरी हिंदी किंवा छत्तीसगढी आहे त्यांचंही तसंच, लिपी एकच असल्यामुळे हिंदीत वाचायला लागलं तर आधी हिंदीत वाचू द्या, मराठी मागून येते. गोंडी बोलणारी मुलं असतील तर वस्तीतली गोंडी येणारी एक मोठी पोरगी सोबत बसवाच.

वाचायला साहित्य कुठून आणायचं? स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर मराठी, हिंदी गोष्टी फुकट आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत पातळ्या लावून, प्रिंट काढायची परवानगीही आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात, तिसरी-चौथीच्या पोराला पहिली-दुसरीचं पुस्तक वाचायला द्या, फक्त कव्हर काढून, लाज वाटू नये म्हणून. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे इतके स्टॉल लागतात, तिथं कमी पैशात छोट्या पुस्तिका मिळतात, वर्षभराचा साठा तेव्हाच करून ठेवा आणि पोरांनाच घेऊन जा, स्वतः निवडलेलं पुस्तक पोरगं जपून ठेवते. बाकी मेट्रो स्टेशनच्या पाट्या, "आपली बस" या शहर बसवरची नावं, सावजीच्या हॉटेलचा बोर्ड, रेशनकार्डावरचं आईचं नाव, हे सगळं वाचायचंच आहे. आईचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही पोरी दोन-दोन दिवस तेच लिहीत बसतात.

आई-वडिलांना वाचता येत नसेल तरी त्यांना काम आहे. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवायचा आणि पोरगं वाचेल ते ऐकायचं, ऐकून विचारायचं "मग काय झालं". एवढंच. दर शनिवारी एकेका आईला वर्गात बोलवा आणि तिच्यासमोर तिच्या मुलाला वाचू द्या. कामावर नेणं थांबवायला याच्याइतकं काहीच उपयोगी पडत नाही. तरीही १४ च्या खालचं मूल कोणी दुकानात, हॉटेलात कामाला ठेवलं असेल तर ते कायद्यानं बंद आहे, १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा, पण त्याआधी घरचं पोट कशावर चाललं आहे तेही बघा आणि रेशन, निराधार योजना जे लागू असेल त्याचा फॉर्म भरून द्या.

महिन्यातून एकदा तेच चार कागद काढा, गोष्ट फक्त नवीन लिहा नाहीतर पोरं पाठ करतात, आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे नवीन पातळी टाका. जे वर सरकलं त्याला पुढच्या गटात न्या. ही वही शाळेतल्या बाईंना दाखवा, त्यांना सांगा हा आता वाक्य वाचतो, वर्गात त्याला एक ओळ वाचायला द्या. कायद्यातलं विशेष प्रशिक्षण शाळेनं द्यायचं असते, ते चालू झालं का हेही त्याच भेटीत विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असायला पाहिजे, तुमच्या गटातल्या एखाद्या आईनं त्यात जायला तयार व्हावं म्हणून मागे लागा, नळ-संडासापासून खिचडीपर्यंत सगळ्यावर तिला बोलता येते.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी दप्तर, वही आणि पोच एका पिशवीत करून ठेवा, आणि पहिले काही आठवडे सकाळी वस्तीतून सगळ्या पोरांना एकत्र घेऊन निघायची पाळी लावा, आज या घरची आई, उद्या त्या घरचा भाऊ. सलग तीन दिवस कोणी दिसलं नाही तर चौथ्या दिवसाची वाट न बघता घरी जा. आणि जे पोरगं एवढं करूनही शब्दावरच अडकून राहिलं, पुस्तक नाकाला लावते, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून बघते, त्याला आळशी म्हणायच्या आधी मेयो नाहीतर मेडिकल या सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागात घेऊन जा, कानही त्याच दवाखान्यात तपासून घ्या, सकाळी लवकर गेलात तर ओपीडीचा नंबर लवकर लागते.